झेंडा कोणाच्या खांबावर आहे ते आधी बघा

अमेरिकेतला कॉन्फेडरेट झेंड्याचा, म्हणजे 1861 च्या यादवी युद्धात देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या (कॉन्फेडरसीच्या) झेंड्याचा वाद मी बरीच वर्षं फॉलो करतोय. एक बाजू म्हणते आमचा वारसा, दुसरी म्हणते गुलामगिरीचं निशाण, बंदी घाला, आणि झेंडा फडकवतंय कोण, सरकार की साधा माणूस, हे विचारायचं राहूनच जातं.

वारसावाल्यांचं ऐकताना मला तारखा आठवतात. लाल कापडावर निळी फुली आणि तारे असलेला हा झेंडा मुळात रणांगणातला, कॉन्फेडरसीचा राष्ट्रध्वज तो एकटा कधीच नव्हता. आणि लढाई कशासाठी होती ते त्यांनीच सांगून ठेवलंय, मिसिसिपीने 1861 मध्ये फुटून निघताना सरळ लिहून दिलं की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. आता एखाद्याला त्या झेंड्यात खरंच आपला पणजोबा दिसत असेल, तो खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. पण 1948 ला डिक्सीक्रॅट, म्हणजे वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेतल्या पक्षाच्या लोकांच्या सभांमध्ये तो फडकला, 1954 ला शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध ब्राउन निकाल लागला आणि 1956 ला जॉर्जियाने तो राज्याच्या झेंड्यात घातला, मग 1961 ला साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावर चढला, युद्धाच्या शताब्दीचं निमित्त करून. पणजोबांची आठवण नेमकी नागरी हक्कांची चळवळ जोर धरत असतानाच का यावी?

2015 मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये 9 कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यावर, 10 जुलैला तो विधानभवनाच्या आवारातून कायमचा उतरला. फार आधी उतरायला हवा होता. सरकारी खांब सगळ्यांचा असतो, ज्यांच्या पूर्वजांना विकलं गेलं त्यांचाही. हत्याकांडाच्या दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने वॉकर खटल्यात 5 विरुद्ध 4 ने सांगितलं की गाडीच्या नंबरप्लेटवरचं डिझाइन हे सरकारचं बोलणं, त्यामुळे टेक्सास हा झेंडा नाकारू शकतं. मला ते पटतं.

पण खाजगी घरावरच्या झेंड्याला कायद्याने हात लावायचा म्हटलं की मी थांबतो. 1919 मध्ये कॅलिफोर्नियाने सरकारविरोधाचं, कम्युनिस्टांचं निशाण म्हणून लाल झेंड्यावर बंदी घातली होती, त्यात मुलांच्या कॅम्पमध्ये लाल झेंडा फडकवला म्हणून येटा स्ट्रोमबर्ग या 19 वर्षांच्या मुलीला शिक्षा झाली, 1931 ला सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. सरकारला तेव्हाही झेंड्याचा अर्थ अगदी पक्का माहीत होता! जर्मनीत नाझी चिन्हांवर बंदी आहे आणि त्यांचा इतिहास बघता मी त्यांना नावं ठेवणार नाही, पण अमेरिकेत असा कायदा झाला तर तो राबवणार कोण, राज्याराज्यातली सरकारंच ना? त्यातलंच एक मिसिसिपीचं, ज्यांनी 1894 पासून 2020 पर्यंत हेच निशाण स्वतःच्या झेंड्याच्या कोपऱ्यात ठेवलं होतं.