तुम्ही विचारलंत म्हणून: आधी रुजू तारीख सांगा

"गुरुजी, रिटायर झाल्यावर पैसे कशात टाकलेत? आम्ही बी तिथंच टाकतो." परभणीत लग्नकार्यात, बँकेच्या रांगेत शाळेतली तरुण मंडळी हमखास विचारतात. मी आधी त्यांची रुजू तारीख विचारतो. राज्य शासनाच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, त्या दिवसापासून लागलेल्यांना अंशदानाची योजना, म्हणजे पगारातून कापलेले आणि शासनानं घातलेले पैसे साठवून पेन्शन उभी करायची. तिथंच हिशेब बदलतो.

ग्रॅच्युइटी आणि अंशराशीकरणाचे (पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी घेतलेले) निम्मे पैसे मी इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात टाकलेत. या वयात शेअर बाजार म्हटल्यावर लोक दचकतात. पण माझी मूळ पेन्शन 38,000 रुपये आहे, म्हणजे वर्षाला 4,56,000. सात टक्के व्याजाने एवढं मिळवायचं तर 65 लाखांची एफडी लागेल. माझ्या कुठल्याच पासबुकात ती दिसत नाही, तरी तिचं व्याज दर महिन्याला येतं, वर महागाई भत्ताही वाढतो. माझ्यामागं बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन आहेच. एवढी ठेव असताना उरलेलंही एफडीतच कोंबणं मला पटलं नाही. बाजार तीन वर्षं पडून राहिला तरी घरचा किराणा अडत नाही.

पेन्शन मोडता मात्र येत नाही. रात्री कुणाला नांदेडला दवाखान्यात हलवायचं तर रोकड लागते. म्हणून दुसरा निम्मा भाग बँकेत आणि पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत. प्लॉट घेतला नाही. ऐन गरजेला गिऱ्हाईक मिळत नाही, हे दुष्काळाच्या वर्षांत फार जणांचं पाहिलंय.

परवा विचारणारा 2009ला रुजू झालेला निघाला. त्याच्या पेन्शन खात्यात त्याचे पगारातून 10 टक्के, शासनाचे 14. निवृत्तीच्या वेळी जमा रकमेतल्या किमान 40 टक्क्यांची ॲन्युइटी (विमा कंपनीकडून मिळणारी ठरावीक पेन्शन) घ्यायची, आणि तिला महागाई भत्ता नाही. पेन्शनची हमी देणाऱ्या राज्याच्या सुधारित योजनेचा पर्याय घेतलेल्यांचं गणित वेगळं; यानं तो घेतलेला नव्हता. माझ्या पाठीशी ती न दिसणारी ठेव आहे, त्याला ती स्वतः उभी करायचीय. आज नोकरी आहे तोवर त्यानं दरमहा इंडेक्स फंडात जरूर टाकावं, पण शेवटच्या पाच-सात वर्षांत तो पैसा थोडा थोडा काढून सुरक्षित जागी न्यावा. साठीत माझ्यासारखा निम्मा पैसा बाजारात ठेवला आणि त्याच वर्षी बाजार कोसळला, तर त्याला पडत्या भावात विकून घर चालवावं लागेल.

पुढच्या रविवारी तो खात्याचा उतारा घेऊन येणार आहे. वारस म्हणून कुणाचं नाव लागलंय, तेच आधी बघणार आहे.