आईची बरणी आणि मिठातलं शेवाळ

खानापुरात आमच्याकडे दर उन्हाळ्यात आई मिठाच्या पाण्यात कैऱ्या घालते. काही दिवसांत त्या सुरकुततात. मीठ आतलं पाणी ओढून घेतं. परवा बेळगावात बारावीच्या पोरांना परासरण, म्हणजे पटलातून पाण्याचं जास्त खारट बाजूकडे जाणं, शिकवताना हीच बरणी सांगितली. मागून प्रश्न आला, "सर, मग मिठागरात काही जगतच नाही काय?"

जगतंय की! डुनालिएला सलायना. एकपेशीय शैवाल, त्यात पेशीभित्तिकाही नाही, नुसतं पातळ पटल. समुद्रात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार. हे 300 ग्रॅम मिठातही पोहतं. कारण बाहेरचं सोडियम ते आत साठू देत नाही. पटलातली प्रथिनं सोडियम सतत बाहेर फेकतात, पोटॅशियम आत राखलं जातं. पण मग पाणी कसं धरायचं? त्यासाठी पेशी स्वतः ग्लिसरॉल बनवते. बाहेर मीठ वाढलं की ग्लिसरॉल वाढतं, उतरलं की त्याचा पुन्हा स्टार्च. (हो, थंडीत ओठांना लावतो तेच ग्लिसरीन. इथे वर्ग हसला.)

आईला सांगितलं, तर म्हणाली, "माझ्या बरणीत तेवढं घालू नकोस बाबा."