जहाज जमिनीवर दिसत होते

रविवार, २२ जून २०२५, विक्रोळी

पहाटे पावणेसहाला धाकट्या जावेने आमच्या खोलीचे दार वाजवले आणि काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. इराणमधील फोर्डो, नतान्झ आणि इस्फहान या तीन अणुकेंद्रांवर अमेरिकेने हल्ले केल्याची घोषणा ट्रम्प यांनी नुकतीच केली होती. १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही, कारण माझे धाकटे दीर बोटीवर आहेत. टँकरवर सेकंड इंजिनिअर. फेब्रुवारीत ते कॉन्ट्रॅक्टवर गेले आणि गणपतीच्या आधी साइन ऑफ करून यायचे आहेत. शुक्रवारी त्यांचे जहाज सौदीच्या जुबैल बंदरात माल भरत होते. तिथून भारताकडे यायचे, तर होर्मुझच्या सामुद्रधुनीतून यावे लागते. पाण्याचा दुसरा रस्ता नाही.

गेल्या सुट्टीत सासूबाईंनी विचारले म्हणून दीरांनी जुन्या कालनिर्णयच्या पाठीवर ती सामुद्रधुनी काढून दाखवली होती. तो कागद सासूबाईंनी देवघराच्या खणात जपून ठेवला आहे आणि आज सकाळी त्यांनी तो पुन्हा बाहेर काढला. सगळ्यात अरुंद जागी ३३ किलोमीटर. त्यातही मोठ्या जहाजांसाठी आखून दिलेला पट्टा जाताना सुमारे तीन आणि येताना सुमारे तीन किलोमीटर रुंद, एका बाजूला ओमान, दुसऱ्या बाजूला इराण. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा या चिंचोळ्या वाटेने जातो. आपल्या घरातल्या सिलिंडरमधला गॅस निम्म्याहून अधिक बाहेरून येतो आणि तोही बहुतेक याच वाटेने. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ‘एमएससी एरीज’ हे जहाज इराणने याच भागात ताब्यात घेतले, तेव्हा त्यावरच्या २५ जणांपैकी १७ भारतीय होते. आमच्या जावेला तो आकडा पाठ आहे.

दीरांचा निरोप साडेसातला आला: ‘सगळं ठीक. काळजी नको. कंपनीच्या सूचना आल्यात, त्याप्रमाणे चाललंय.’ एवढाच. त्यानंतर दिवसभर काही नाही.

वाट पाहण्याच्या त्या वेळात मी फोनवर बातम्यांखालच्या लोकांच्या प्रतिक्रिया वाचत बसले. सकाळी सात वाजेपर्यंत निकाल लागलेला होता. कोण संपला, कोण घाबरला, पुढच्या दोन दिवसांत कोण कोणावर काय टाकणार, हे मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत ठामपणे सांगणारी माणसे मोजता येणार नाहीत इतकी होती. फोर्डोच्या डोंगराखाली नेमके किती नुकसान झाले हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हते, पण मुंबईतल्या आणि पुण्यातल्या लोकांना ते कळलेले होते. शिव्यांची मला आता सवय झाली आहे. ज्याने जीव खाली-वर होतो ती क्रिकेटच्या सामन्याची भाषा. ‘आता मजा येणार’, ‘सेकंड इनिंग सुरू’, आणि त्याखाली लाह्यांच्या पुड्याची चित्रे. मी ते वाचत होते आणि माझ्या समोर सासूबाई तो कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

दुसरी एक गोष्ट मी नीट पाहिली. वाद इराणवरून सुरू होतो आणि चौथ्या-पाचव्या उत्तरापर्यंत इराण कुठल्या कुठे गेलेला असतो. उरतात ती आपली भांडणे: तुझा पक्ष, तुझी जात, तुझा धर्म, तू राहतोस तो मोहल्ला. इराणमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन ‘ऑपरेशन सिंधू’चे पहिले विमान आर्मेनियामार्गे १९ जूनला दिल्लीत उतरले. त्यात ११० विद्यार्थी होते, बहुतेक काश्मीरचे. डोळे सुजलेली, हातात एकच पिशवी घेतलेली ती मुले पाहून कोणाच्याही तोंडून आधी ‘आली बाबा सुखरूप’ असे निघेल, असे मला वाटले होते. त्या बातमीखाली मी वाचलेली पहिली ओळ ‘तिकडे शिकायला गेलीच कशाला’ ही होती. कोणी डॉक्टरकीच्या शिक्षणाचा इथला खर्च काढून दाखवला, त्यावर तिसऱ्याने त्याचे आडनाव काढले, आणि मग त्या मुलांविषयी कोणी काही बोलले नाही.

आणि ज्या गोष्टीने आपण सगळे एकत्र आलो ती म्हणजे नकाशा. इराणची क्षेपणास्त्रे कुठवर पोहोचू शकतात हे दाखवण्यासाठी इस्रायलच्या सैन्याने १३ जूनला एक नकाशा प्रसिद्ध केला आणि त्यात जम्मू-काश्मीर पाकिस्तानात दाखवले गेले. आपल्याकडून इतका निषेध झाला की सीमा अचूक दाखवल्या नसल्याचे सांगून त्यांना क्षमा मागावी लागली. तो निषेध योग्यच होता, मलाही त्या नकाशाचा राग आला. पण त्या दिवशी तेहरानमध्ये राहत्या इमारती कोसळल्या होत्या, रात्री तेल अवीवमध्येही लोक तळघरांत बसले होते, आणि त्यांच्याविषयी दोन शब्द लिहायला आपल्याकडे तितकी माणसे पुढे आली नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सोमवार, २३ जून, रात्री

आज सकाळी जाऊ स्वयंपाकघरात आली तेव्हा तिच्या हाताला कंप होता. जहाज कुठे आहे हे दाखवणारे ॲप तिच्या फोनवर असते. नकाशावर प्रत्येक जहाजाचा एक छोटा त्रिकोण. दीरांच्या जहाजाचा त्रिकोण जमिनीवर होता. इराणच्या किनाऱ्यापासून बराच आत, वाळवंटात. आणि एकटाच नव्हता. त्याच्याभोवती आणखी वीस-पंचवीस जहाजे कोरड्या जमिनीवर एकमेकांना चिकटून उभी होती.

“ताई, हे काय आहे?” तिने विचारले. मला तरी काय ठाऊक असणार. माझ्या मुलीने शोधून सांगितले की आखातात उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम अडथळा आणला जात आहे, त्यामुळे रोज शेकडो जहाजांचे ठिकाण चुकीचे दिसते. जहाजावर रडार असते, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, माणसे डोळ्यांत तेल घालून उभी असतात, त्यांना आपण कुठे आहोत हे कळते. न कळण्याची पाळी आपली. हे समजायला आम्हाला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात सासूबाईंना आम्ही फोन दाखवला नाही.

याच भागात १७ जूनला ओमानच्या आखातात दोन टँकर एकमेकांवर आदळून पेटले होते. पहिल्या तासाभरात तो ‘इराणचा हल्ला’ झाला, मग ‘इस्रायलचा डाव’ झाला. पुढे संयुक्त अरब अमिरातींनी एका जहाजाचा मार्गाचा अंदाज चुकल्याने ती टक्कर झाल्याचे सांगितले, तेव्हा तिथे वाचायला कोणी उरले नव्हते. त्या रात्री आमच्या जावेने आयुष्यात प्रथमच अनोळखी लोकांच्या गर्दीत एक ओळ लिहिली: ‘जहाजावरची माणसे कुठे आहेत?’ तिच्या वर आणि खाली लोक तिसरे महायुद्ध मांडून बसले होते. वीस मिनिटांनी कोणा एका गृहस्थाने उत्तर दिले की एका जहाजावरच्या चोवीसही जणांना तटरक्षकांनी खोर फक्कान बंदरात सुखरूप उतरवले आहे, आणि खाली लिहिले: ‘आपलं कोणी आहे का तिकडे? माझा भाऊ आहे.’

तेव्हापासून मी वाचताना हेच पाहते आहे. ज्यांचे कोणी तिथे आहे ते विचारतात. विमान सुटले का, बंदर चालू आहे का, फोन लागतो आहे का. बाकीचे सांगतात. विचारणारे इतके थोडे असतात आणि इतक्या हळू आवाजात विचारतात, की शेकडो ओळी खाली सरकवल्यावर एखादा सापडतो.

हे लिहिताना मे महिना आठवल्यावाचून राहत नाही, आणि तो न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहलगामला २६ माणसे मारली गेली, त्यानंतर ७ मेला ऑपरेशन सिंदूर झाले. त्याच दिवशी आपल्याकडे युद्धकाळातल्या बचावाच्या रंगीत तालमी झाल्या. पुढच्या रात्री काही वाहिन्यांवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले जात होते आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर मिनिटाला काहीतरी येत होते. मीही एक चित्रफीत पुढे पाठवली. काळे आकाश, त्यात गोळ्यांच्या लाल रेषा, आणि पेट घेऊन कोसळणारे विमान. खाली मी ‘जय हिंद’ लिहिले होते. सकाळी मुलीने दाखवले की ते ‘आर्मा ३’ नावाच्या संगणकावरच्या खेळातले दृश्य होते. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने त्या दिवसांत अशी कितीतरी दृश्ये खोटी असल्याचे जाहीर केले. त्यांतले एक माझ्या हातून चाळीस घरांत गेले होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा सैन्यात आहे आणि त्या वेळी जम्मूला होता. ग्रुपवर त्या दिवसांत त्यांनी एक अक्षर लिहिले नव्हते. मी क्षमा मागायला त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “रात्रभर फोन उशाशी घेऊन बसले होते गं. वाजला की वाटायचं, त्याचाच. उघडून बघावं तर ग्रुप.” त्या रात्री त्यांचा फोन जितक्या वेळा वाजला त्यांतली एक वेळ माझी होती. मी त्यांना ते कोसळणारे विमान दाखवले होते.

आज रात्री नऊ वाजता त्याच काकू जिना चढून आमच्याकडे आल्या. कोण जिंकतंय, पेट्रोल किती वाढेल, काही नाही. जावेशेजारी बसल्या आणि विचारले, “भाऊजींचा फोन आला का गं?” जावेने नुसती नकारार्थी मान हलवली. मग दोघी बराच वेळ वाटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या.

त्या गेल्यावर, दहाच्या सुमारास, इराणने कतारमधील अमेरिकेच्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रे सोडल्याची बातमी आली. कतारने त्याआधीच हवाई हद्द बंद केली होती. मी आज काही वाचणार नाही. फोन जावेच्या खोलीत आहे, दिवा चालू दिसतो आहे.

मंगळवार, २४ जून

उठलो तेव्हा युद्ध थांबल्याची घोषणा झालेली होती. ती टिकेल की नाही याविषयी दिवसभर उलटसुलट ऐकू येत होते, पण सकाळी साडेनऊला दीरांचा फोन आला आणि आमच्यापुरते सगळे थांबले. काल रात्रीच ते सामुद्रधुनी ओलांडून बाहेर आले होते. रविवारी दोन मोठे टँकर तिथवर येऊन माघारी वळले होते, यांचे जहाजही एक दिवस अलीकडे रेंगाळले, मग दोन-तीन जहाजांच्या मागोमाग निघाले. आवाज थकलेला होता. इंजिन कंट्रोल रूममध्ये सलग अठरा तास काढल्याचे त्यांनी सांगितले, तेही सासूबाईंनी जेवणाचे विचारले म्हणून. मग त्यांनीच विचारले, “वहिनी, तिकडे लोक काय म्हणतायत?” मी म्हटले, “सगळे तुमची वाट बघतायत.” घरातल्या लोकांपुरते ते खरे होते.

बाहेरच्या लोकांचे मी संध्याकाळी वाचले. चढलेले तेल दोन दिवसांत खाली आले होते, आणि पुष्कळांचा हिरमोड झाला होता. ‘एवढ्यात थांबले?’, ‘बारा दिवसांत गुंडाळले’, ‘पूर्ण करायला हवे होते’. पूर्ण म्हणजे काय, हे त्यांतल्या एकानेही लिहिले नव्हते. १० मेलाही असेच झाले होते. गोळीबार थांबल्याचे परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी जाहीर केले, ते त्यांचे कामच होते. लोक त्यांच्यावर आणि त्यांच्या मुलीवर असे तुटून पडले की त्यांना एक्सवरचे आपले खाते सर्वांसाठी बंद करावे लागले. मुलीचा यात काय संबंध, असे विचारणारे अधिकारी आणि राजकारणी पुढे आले हे खरे, पण तोवर व्हायचे ते झाले होते. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आमच्या सोसायटीत साखर वाटली होती. गोळीबार थांबल्याचा आनंद ज्या माणसांना झाला ती माणसे त्या गर्दीत कुठेच दिसत नव्हती, कारण ती आपापल्या घरी होती, फोनवर मुलाशी बोलत होती, किंवा कित्येक रात्रींनी झोपली होती.

आता रात्रीचे अकरा वाजले आहेत. जाऊ ओट्यापाशी उभी राहून काहीतरी लिहिते आहे, म्हणून मी डोकावून पाहिले. कोणा बाईने एका जहाजाचे नाव देऊन विचारले होते की त्यावर तिचा मुलगा डेक कॅडेट आहे, पहिलीच बोट आहे, आणि सकाळपासून ते जहाज नकाशावर जमिनीवर दिसते आहे, कोणी काही सांगू शकेल का. त्या ओळीखाली कोणीही काही लिहिलेले नव्हते. जाऊ एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत टाइप करत होती: ‘घाबरू नका. ते खरं ठिकाण नाही. काल आमचंही तसंच दिसत होतं, आज सकाळी फोन आला.’