किनारा सगळ्यांचा, मग पावतीचे पैसे कुणाचे?

समुद्रकिनाऱ्यावर पार्किंगची पावती फाडली की ते पैसे पुढे नेमके जातात कुठे, हा प्रश्न मला खूप महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं सरळ उत्तर फार कमी ठिकाणी मिळतं. जमीन सरकारची, कायदा वरून आलेला, ठेका कुठल्यातरी मोठ्या ऑफिसातून निघालेला, पैसे थेट तिजोरीत, आणि खाली गावात काय उरतं तर कचरा, ट्रॅफिक आणि तुंबलेले संडास. जिथे कमाई होते तिथे खर्चाला पैसा नाही, आणि जिथे पैसा पोचतो तिथल्या माणसाने तो किनारा कधी बघितलेलाही नसतो.

सुट्टीचे दोन दिवस उलटले की पहाटे किनाऱ्यावर काय काम पडलेलं असतं ते एकदा जवळून बघाच. भरतीने वर आणून टाकलेल्या शेवाळाचा एक लांबच लांब पट्टा असतो, त्यात नायलॉनच्या दोऱ्यांचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, सिगरेटची थोटकं, चॉकलेटचे कागद असं सगळं गुंतलेलं असतं. ट्रॅक्टर फिरवला तर एका तासात स्वच्छ दिसतं, पण त्याच्याबरोबर शेवाळही जातं आणि वरची वाळूही जाते, आणि त्या शेवाळातले किडे पक्ष्यांना खायला लागतात, ते वाळू धरून ठेवायलाही लागतं, म्हणून नीट काम करायचं तर माणसांनी वाकून हाताने वेचायचं. ही मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते. जीवरक्षकाचा पगार तर माणसं येवोत न येवोत द्यावाच लागतो. हा खर्च वरच्या ऑफिसच्या हिशोबात कुठेच दिसत नाही, कारण तो तिथे होतच नाही.

माझं म्हणणं साधं आहे, मालकी आणि कारभार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मालकी कुणा एकाची नकोच. ही कल्पना जुनीच आहे, सम्राट जस्टिनियनच्या काळात 533 साली रोमन कायद्याचं जे संकलन झालं त्यात हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा सगळ्यांचा असं स्पष्ट लिहिलंय. स्पेनच्या 1978 च्या राज्यघटनेत किनारे सार्वजनिक मालमत्ता आहेत. न्यूझीलंडने 2011 च्या कायद्यात तर सामाईक किनारपट्टीचा मालक कुणीच नाही, सरकारसुद्धा नाही, असंच ठरवून टाकलं (त्याआधी 2004 च्या कायद्याने ती सरकारच्या नावावर केली तेव्हा तिथल्या मूळच्या माओरी लोकांनी प्रचंड मोर्चा काढला होता, आणि त्यांचे हक्क हा वाद अजून संपलेला नाही). पण कुणीच विकू शकत नाही म्हणजे कुणीच सांभाळायचं नाही असं थोडंच आहे? सांभाळायचं काम स्थानिकांनी करायचं आणि त्यासाठी लागणारा पैसा तिथल्याच उत्पन्नातून आधी त्यांच्या हातात यायला हवा.

हे नीट जमलं नाही की काय होतं ते इटलीत दिसतं. तिथे किनारा सरकारी मालकीचा, त्यावर छत्र्या-खुर्च्या लावणाऱ्यांना परवाने देण्याचं काम नगरपालिकांचं, पण भाड्याचा दर ठरवतं केंद्र आणि भाडं जातं मुख्यतः केंद्राकडे. 2021 मध्ये किमान वार्षिक भाडं 2500 युरो झालं, त्याआधी ते काहीशेच युरो होतं! परवाने वर्षानुवर्षं आपोआप रिन्यू होत राहिले, घराण्यात वारसाहक्काने चालल्यासारखे, मग 2016 मध्ये युरोपियन न्यायालयाने सांगितलं की असं आपोआप वाढवत राहणं चालणार नाही, स्पर्धा घ्या, तरी मुदत पुढे ढकलत ढकलत आता 2027 वर आलीये. आता पालिकेच्या जागी उभं राहून विचार करा, भाडं वाढलं तरी आपल्याकडे काही येणार नाही, आणि लिलाव घेतला तर गावातल्याच लोकांचा रोष आपल्यावर, मग कोण कशाला घेईल पुढाकार.

याच्या अगदी उलट स्कॉटलंड. तिथला समुद्रतळ आणि जवळपास निम्मा किनारा राजघराण्याच्या नावाची मालमत्ता, पण राजाच्या खाजगी खिशाशी त्याचा संबंध नाही, आणि आधी त्याचं उत्पन्न लंडनला जायचं. 2016 च्या कायद्याने कारभार स्कॉटलंडकडे आला, 2017 पासून वेगळी संस्था उभी राहिली आणि 2019 पासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या मालमत्तेचं निव्वळ उत्पन्न किनाऱ्यावरच्या स्थानिक कौन्सिलना वाटलं जातं, कुणाच्या हद्दीला किती समुद्र लागून आहे त्या हिशोबाने. म्हणजे माशांच्या शेतीचं भाडं, धक्क्यांचं, बोटी बांधायच्या जागांचं, हे सगळं. एडिंबरोच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या राजधानीतल्या, नेत्यांनी हे पैसे स्वतःकडे ठेवले असते तर कुणी अडवणार नव्हतं, तरी त्यांनी ते खाली सोडले याचं मला फार कौतुक वाटतं.

पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण शेटलंडचं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडची बेटं, लोकवस्ती तेव्हा वीस हजारांच्या आत, आणि 1970 च्या दशकात समुद्रात तेल सापडल्यावर जगातल्या बड्या कंपन्या दारात येऊन उभ्या. तिथल्या कौन्सिलने वाट बघत बसण्यापेक्षा संसदेकडून स्वतःसाठी खास कायदाच करून घेतला, 1974 साली. बंदराचा ताबा आपल्याकडे, सलम वो या खाडीकाठची जमीन संपादन करायचे अधिकार आपल्याकडे, त्यामुळे तिथे टर्मिनल बांधायचं तर कंपन्यांना कौन्सिलशी बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कंपन्यांनी बेटांना होणाऱ्या त्रासाबद्दल पैसे द्यायचे असं ठरलं आणि 1976 मध्ये ते पैसे ठेवायला एक धर्मादाय ट्रस्ट काढला. तेलावरचा कर लंडनला गेला तो गेलाच, पण या ट्रस्टमधून म्हाताऱ्या माणसांची देखभाल, पोहण्याचे तलाव, व्यायामाची केंद्रं, कलांना मदत हे सगळं उभं राहिलं, आणि तेलाचा जोर ओसरल्यावरही तो पैसा गुंतवलेला आहे. कंपन्या यायच्या आधी जमीन आणि बंदर हातात घेतलं म्हणून हे जमलं, नंतर मागून मिळालं नसतं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात किनाऱ्याची 96 टक्के जमीन सार्वजनिक आहे आणि तिचे बरेच तुकडे स्थानिक समित्या बघतात, कितीतरी ठिकाणी तर गावातले स्वयंसेवक. कॅम्पिंगच्या जागेचं जे भाडं येईल ते त्याच राखीव जमिनीवर खर्च करायचं. रस्ता, संडास, वाळूच्या टेकड्यांवरची कुंपणं, सगळं त्यातून. समितीतल्या माणसाला माहीत असतं की कुठली पायवाट पावसात वाहून जाते, त्यासाठी त्याला कन्सल्टंट लागत नाही.

आता दुसरी बाजू, कारण 'स्थानिकांना द्या' म्हटलं की सगळं आपोआप चांगलं होतं असं मी अजिबात मानत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये बऱ्याच किनाऱ्यांवर जायला बॅज विकत घ्यावा लागतो आणि ती फी गावं घेतात. तिथल्या ॲव्हन या गावाने बाहेरच्यांना किनारा गावकऱ्यांपेक्षा महाग केला, तर शेजारचं नेपच्यून सिटी, ज्याला समुद्राचा किनारा नाही, ते कोर्टात गेलं आणि 1972 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किनारा जनतेचा विश्वस्त ठेवा आहे, फी घ्या पण सगळ्यांना सारखी घ्या. कनेक्टिकटमध्ये ग्रीनिच या श्रीमंत गावाने तर बाहेरच्यांना आपल्या किनाऱ्यावरच्या पार्कात पायच ठेवू दिला नव्हता, जॉगिंग करणाऱ्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याला अडवलं आणि 2001 मध्ये गाव केस हरलं. मला हे दोन्ही निकाल मनापासून पटतात. किनारा सांभाळणाऱ्याला खर्च मिळाला पाहिजे, पण त्याने दार लावून घेता कामा नये. ज्याच्या गावाला समुद्र नाही त्यालाही समुद्र हवाच असतो ना.

आणि दुसरा धोका मला याहून मोठा वाटतो, त्यावर कुणी फारसं बोलत नाही. एकदा का पालिकेच्या बजेटमध्ये किनाऱ्याचे पैसे पगार आणि दिवाबत्तीसाठी वापरायला लागले की पालिकेलाच आणखी स्टॉल हवेत, आणखी जेट स्की हव्यात, आणखी एक इव्हेंट हवा. मग भाडेपट्ट्यात काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. मी सांगतो काय वाचायचं ते: मुदत किती, रिन्यू कोण करणार आणि कुणाला न विचारता, भाडं ठरावीक की धंद्याच्या टक्क्यात, भरतीरेषेपर्यंत चालायची वाट मोकळी ठेवायची अट आहे का, आणि समुद्राने जमीन खाल्ली तर करार कुठपर्यंत लागू. शेवटचा मुद्दा हमखास विसरला जातो, नकाशावर रेषा आखतात जशी काही ती दगडात कोरलीये, आणि पाच पावसाळ्यांनंतर अर्धा प्लॉट पाण्यात असतो, तेव्हा ठेकेदार मागे सरकून सार्वजनिक वाळूवर कुंपण घालतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात 1913 पासून ओली वाळू सार्वजनिक होती, पण 1966 मध्ये एका मोटेलवाल्याने कोरडी वाळू आपल्या गिऱ्हाइकांपुरती अडवली तेव्हा केवढा गहजब झाला, लोकांनी पत्रं लिहून लिहून राजकारण्यांना हैराण केलं, आणि 1967 च्या कायद्याने झाडोऱ्याच्या रेषेपर्यंतची सगळी वाळू लोकांसाठी मोकळी झाली. ती लढाई राज्याच्या पातळीवर लढावी लागली, एकट्या गावाच्या आवाक्यातली नव्हतीच.

म्हणून माझी मागणी अशी आहे की वापराचा हक्क वरच्या कायद्याने पक्का करा, तो कुठल्याच पंचायतीला किंवा पालिकेला विकता येता कामा नये, पण पावती, भाडं, परवाना यातून आलेल्या पैशाचं खातं किनाऱ्याच्या नावाने वेगळं ठेवा आणि चालवायला तिथल्या लोकांना द्या, ज्यात मासेमार असतील, स्टॉलवाले असतील, आणि आतल्या गावांचेही एकदोन प्रतिनिधी असतील. हिशोब पार्किंगच्या गेटवरच बोर्डावर लावा, या महिन्यात इतके आले, इतके कचऱ्याला, इतके जीवरक्षकांना. आणि त्यातला एक भाग दरवर्षी बाजूला काढून ठेवाच, कारण किनारा झिजतो, वाळू पुन्हा आणून टाकायचा खर्च कुठल्याच छोट्या गावाच्या एका वर्षाच्या कमाईतून निघत नाही, आणि तो खर्च अंगावर येतो तेव्हा ज्या वरच्या ऑफिसने इतकी वर्षं भाडं घेतलेलं असतं ते फाइल मागे पाठवतं. ज्या वर्षी पहिली पावती फाडाल त्याच वर्षी हा राखीव निधी सुरू करा.