तिकडे खात काय होता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. राजवाड्याजवळ कुणी भेटो, नाहीतर उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात, प्रश्न ठरलेला असतो: "काकू, ह्या वयात दीड वर्ष आफ्रिकेत राहिलात. तिकडे खात काय होता? जेवणाचे हाल झाले असतील ना?" रात्री बारा वाजता सराफा बाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाणाऱ्या इंदूरला हा प्रश्न पडणारच. मी "छान होतं सगळं" म्हणते आणि पुढे जाते. घरी आल्यावर मात्र वाटतं, नीट सांगायला हवं होतं.

हे बँकेतून निवृत्त झाले, मी शाळेतून. मुलं मार्गी लागली होती. मग चर्चच्या मंडळीतर्फे आम्ही ज्येष्ठ मिशनरी म्हणून केनियात, किसुमूजवळच्या एका शाळेत सेवेला गेलो. खर्च आमच्या पेन्शनमधून. हे शाळेचे हिशेब बघायचे, मी सकाळी लहान मुलांचं वाचन घ्यायची आणि दुपारी बायकांना शिवण शिकवायची. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, विषुववृत्ताला अगदी लागून आहे. वर्षभर दिवस जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. रविवारची उपासना "चार वाजता" म्हणजे सकाळी दहाला, हे शेजारच्या बाईंनी आदल्या दिवशीच येऊन सांगितलं. त्यांना सगळे 'मामा' म्हणत. तिकडे मामा म्हणजे आई.

रोजचं जेवण उगाली. पांढऱ्या मक्याच्या पिठाची ती घट्ट उकड असते. उकळत्या पाण्यात पीठ टाकायचं, लाकडी डावाने जोर लावून घोटायचं आणि कडा सुटू लागल्या की ताटात पालथी करायची. मीठसुद्धा नाही. पहिल्या दिवशी मला ती बेचव लागली, हे खरं. पण नुसती भाकरी तरी आपण कुठे खातो? चिमूटभर उगाली घेऊन बोटांनी वळायची, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात भाजी उचलायची. हे जमलं त्या दिवसापासून मला काट्या-चमच्याची आठवण झाली नाही.

सोबत बहुधा सुकुमा विकी. जाड हिरवी पानं बारीक चिरून कांदा-टोमॅटोवर परततात. नावाचा अर्थ 'आठवडा ढकल'. स्वस्त भाजी, पगार होईपर्यंत घर तिच्यावर निघतं. बाजारात पहिल्यांदा गेले तेव्हा मात्र मी हरखूनच गेले. माठ होता, त्याला तेरेरे म्हणतात. चवळीचा कोवळा पाला होता, तो कुंडे. नाचणीला विंबी. ओमेना म्हणून करंगळीहून लहान रुपेरी मासे वाळवून ढिगाने मांडलेले. चहा, चपाती, कचुंबर हे शब्द तर जवळजवळ तसेच. गाडीला गारी, दुकानाला दुका. १९०१ साली रेल्वे इथवर पोचली, ती बांधायला हजारो माणसं हिंदुस्थानातून नेली होती. त्यांच्या मागोमाग व्यापारीही आले. त्यामुळे हिंग-मोहरीसुद्धा गावात मिळते. इंदूरहून नेलेला जिरावण मसाला तेवढा आम्ही पुरवून पुरवून खाल्ला.

कोळशावर भाजलेलं कणीस तिखट-लिंबू लावून रस्त्यावर मिळतं, अगदी आपल्यासारखं. एकदा कोवळी कणसं मिळाली म्हणून मी मामांकडे भुट्ट्याचा कीस केला. मोहरी, हिंग, हिरवी मिरची, वर दूध घालून आटवला. मामा शेजारी उभ्या राहून बघत होत्या. जन्मभर मका शिजवलेली बाई, पण मका किसून फोडणीला घालताना त्या पहिल्यांदाच बघत होत्या. एक वाटी खाल्ली, मग भांडंच जवळ ओढलं.

शाळेत सकाळी मुलांना उजी मिळायची. नाचणीच्या पिठाची पातळ पेज, किंचित आंबवलेली. आपली आंबीलच. मुलं प्लॅस्टिकचे पेले घेऊन रांग लावायची आणि मला बघितलं की ओरडायची, "दानी! दानी!" मला वाटलं, आपल्याकडचा दानी, देणारा. मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. म्हणून मी रोज पिशवीत बिस्किटं न्यायला लागले. नाव ठेवलंय तर पाळायला हवं.

तिसऱ्या महिन्यात ह्यांना मलेरिया झाला. सरोवराकाठी तो फार. चार दिवस अन्न जात नव्हतं. मामा रोज सकाळी थर्मासमधून उजी घेऊन यायच्या, पलंगाजवळ बसून प्रार्थना करायच्या आणि शेताकडे जायच्या. त्यांच्याकडे तीन नातवंडं होती आणि मिळकत थोडी. पाचव्या दिवशी मी थर्माससोबत काही शिलिंग पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. रागावल्याही नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुलं तुला दानी म्हणतात ना? आमच्या लुओ भाषेत दानी म्हणजे आजी. आजीच्या घरी कुणी पैसे घेऊन पेज देतं का?"

त्या दिवशी मला माझ्या आजीची गोष्ट आठवली. इंदूरला कॅनडाहून मिशनरी आले ते १८७७ साली. पुढे १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघालं. शाळा, दवाखाने झाले. आमच्या घरातली पहिली शिकलेली बाई त्यांच्याच शाळेतली. पण आजीला नावं आठवायची नाहीत. तिला एकच मडम आठवायची, जी चुलीपुढे पाटावर बसून ज्वारीची भाकरी आणि ठेचा खायची, डोळ्यांतून पाणी काढत, आणि आणखी एक मागायची. "ती आपली होती," आजी म्हणायची. बाकीच्यांबद्दल ती आदराने बोलायची, पण 'आपली' म्हणायची नाही. जाण्याआधी मी प्रवचनं वाचली, स्वाहिली शिकले. ही गोष्ट मात्र पेटीत घालायची राहून गेली होती.

मी बिस्किटं न्यायची थांबवली. पेला घेऊन मुलांच्या रांगेत उभी राहायला लागले. कुणाच्या घरी गेलं की जेवणाआधी लहान मूल जग आणि घमेलं घेऊन येतं आणि पाहुण्यांपासून सुरुवात करून हातावर कोमट पाणी घालतं. आधी मी "असू दे, असू दे" म्हणत उठायची. मग हात पुढे करून बसायला शिकले. चौसष्टाव्या वर्षी हे शिकायला मला वेळ लागला. घरात एकच कोंबडी असेल आणि ती आपल्यासाठी कापली जाणार हे कळलं, तरी गप्प बसून आनंदाने जेवायचं, हे त्याहून कठीण. तुम्ही 'हाल' म्हणता ना, ते असलेच तर एवढेच.

आता हे सगळं रस्त्यावर उभ्याउभ्या कसं सांगणार? येत्या रविवारी उपासनेनंतर घरीच या. पांढऱ्या मक्याचं पीठ नाही, पिवळ्याचं घोटते. माठ ताजा मिळतोय. चमचे मांडणार नाही. नातू तांब्या घेऊन दाराशी उभा असेल.