दोरीच्या टोकाशी

आमची बाल्कनी आणि शेजारच्या काकूंची बाल्कनी यांच्यामध्ये फक्त एक लोखंडी जाळी आहे. त्या जाळीतून इतक्या वर्षांत बरंच काही इकडून तिकडे गेलंय. विरजण, कढीपत्ता, गॅसवाल्यासाठी ठेवलेले पैसे आणि दुपारच्या गप्पा. गेल्या जुलैत त्यातून माझी स्ट्रॉबेरी गेली. फळ नव्हे, अख्खं रोप. मी दिलं नाही, काकूंनी मागितलं नाही. आपलं आपण गेलं.

ही रोपं आणली होती पाचगणीहून. नोव्हेंबरात गेलो होतो तेव्हा एका मळ्यावर तीन रोपं मागितली. मळेवाल्या दादांनी आधी "पुण्यात कुठं लावणार?" विचारलं, मी "बाल्कनीत" म्हटल्यावर हसले आणि पैसे न घेता ओल्या कागदात गुंडाळून दिली. जगणार नाहीत याची त्यांना खात्री असावी. जगली. जानेवारी-फेब्रुवारी मिळून अकरा फळं आली. मोजायला वेळ होता म्हणून मोजली. त्यातलं पहिलं फळ बघून मात्र नवरा म्हणाला, "हे काय, आलं उगवलंय का?" इतकं ते वेडंवाकडं होतं, एका बाजूने फुगलेलं आणि दुसऱ्या बाजूने चिंबलेलं.

त्याचं कारण कळलं तेव्हा आजवर खाल्लेल्या सगळ्या स्ट्रॉबेऱ्या पुन्हा आठवून बघाव्याशा वाटल्या. आपण जे लाल, रसाळ म्हणून खातो ते खरं फळच नाही, तो फुलाचा फुगलेला देठ. खरी फळं म्हणजे अंगावर टोचलेले ते पिवळसर दाणे, एकेका स्ट्रॉबेरीवर दोनशेच्या आसपास. प्रत्येक दाण्याला पराग मिळावा लागतो. ज्याला मिळाला तो आपल्याभोवतीचा गर फुगवतो, ज्याला नाही त्याची जागा तशीच आक्रसलेली राहते. थोडक्यात, वाकडी स्ट्रॉबेरी म्हणजे मधमाशीचं अर्धवट राहिलेलं काम. महाबळेश्वराकडच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याच तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. या दोन बातम्या मी वेगवेगळ्या वाचल्या होत्या, एकीचा दुसरीशी संबंध असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या फारशा येत नाहीत. मग मीच कान साफ करायची कापसाची काडी घेऊन फुलाफुलांवरून फिरवायला लागले. समोरच्या इमारतीतले लोक काय समजले असतील ते असो, पुढची फळं गोलसर आली.

एप्रिल-मे दोन रोपांनी ओल्या गोणपाटाच्या आडोशाला कसाबसा काढला. तिसरं गेलं. आणि जूनमध्ये दिवस मोठे झालेले, हवेत ओल आलेली, तेव्हा मी फुलांची वाट बघत बसले तर रोपांच्या बुडातून फुलांऐवजी दोऱ्या निघायला लागल्या.

शाळेत जीवशास्त्राच्या पुस्तकात यांना 'धावतं खोड' म्हणायचे. तेव्हा आम्हाला ते नाव विनोदी वाटायचं, वर्गातल्या एका जाड्या मुलाला ते चिकटलंही होतं. प्रत्यक्षात बघितल्यावर नाव पटलं. लोकरीच्या धाग्याएवढी जाड, तांबूस, बारीक लव असलेली दोरी. वीतभर गेल्यावर एक पेर येतं, पण तिथे काहीच नसतं, नुसतं एक खपलीसारखं पान. जणू रोपाने तिथे थांबून विचार केला आणि म्हटलं, इथे नको, अजून थोडं पुढे. दुसऱ्या पेराशी मात्र घडी घातलेल्या पंख्यासारखी तीन इवलीशी पानं, आणि त्यांच्या खाली, बाळाच्या हिरडीतून दात दिसायला लागावेत तशी मुळांची पांढरी टोकं. माती अजून चार इंच खाली, तरी मुळं आधीच तयार. त्या बाळरोपातून लगेच पुढची दोरी निघते. परत एक रिकामं पेर, परत एक बाळ.

एक दोरी मी काडेपेटीच्या काड्या टोचून मोजली. आठवड्यात चार-पाच बोटं पुढे गेली. जाळीशी पोचली, भोकातून वाकली आणि काकूंच्या ओव्याच्या कुंडीत उतरली.

मी मळेवाल्या दादांना फोन केला. (नंबर घेऊन ठेवला होता, माझ्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट.)

"रनर आलेत? मग आधी ठरवा ताई, फळं पाहिजेत का पोरं."

"दोन्ही नाही होणार?"

"होतंय की. पण दोन्हीकडं थोडं थोडं. रनर सोडले की मदरची ताकद जाती. आम्ही बेडवरचे सगळे कापतो."

त्यांच्याकडे कामाची वाटणीच केलेली असते. मदर म्हणजे आईरोपं उन्हाळ्याच्या शेवटी परदेशातून येतात, बरीचशी कॅलिफोर्नियातून. महाबळेश्वरात पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, तिथे या नाजूक जिवांचा निभाव लागायचा नाही. म्हणून पुष्कळशा नर्सऱ्या वाईच्या बाजूला, खाली. मदरला फळं धरू देत नाहीत, फूल दिसलं की खुडायचं. तिने फक्त दोऱ्या सोडायच्या. भोवती मातीच्या पिशव्या मांडून एकेका दोरीचं टोक एकेका पिशवीत टेकवायचं, मुळं धरली की दोरी कापायची. पाऊस ओसरला, सप्टेंबर आला की हीच पोरं वर मळ्यात जातात, आणि दिवस लहान, रात्री गार झाल्या की फुलायला लागतात. दिवस मोठा असला की दोऱ्या, लहान झाला की फुलं. माझी जूनमधली फुलांची वाट बघणं म्हणजे गणपतीत आंब्याची वाट बघण्यासारखं होतं.

आपल्याकडे अशी बिनबियांची घराणी नवीन नाहीत. केळीला मुनवे फुटतात, उसाच्या कांडीला डोळे असतात, आणि दूर्वा तर पेरापेरातून शेकडोंनी, हजारोंनी पसरते असं पूजेच्या मंत्रातच म्हटलंय. पण केळीचा मुनवा आईला चिकटून उभा राहतो. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. ती लेकीला हातभर लांब पाठवते आणि तिची मुळं रुजेपर्यंत त्या दोरीतून पाणी पुरवत राहते. मला यातलं काय आवडलं ते सांगता येत नाही, पण मी रोज सकाळी चहा घेऊन त्या जाळीशी उभी राहायला लागले.

शिवाय ही लेक म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. वेगळा बाप नाही, वेगळा स्वभाव नाही. यावरून एका फ्रेंच माणसाची चांगलीच फजिती झाली होती. अमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए हा लष्करी इंजिनिअर. चौदाव्या लुईने त्याला 1712 मध्ये चिली-पेरूकडे पाठवलं, व्यापाऱ्याच्या वेषात स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करायला. किल्ल्यांचे नकाशे काढता काढता त्याला तिथे मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी दिसली, जी तिथले मापुचे लोक कितीतरी काळापासून लावत होते. युरोपातली तेव्हाची स्ट्रॉबेरी नखाएवढी. त्याने रोपं जहाजावर चढवली. गोड्या पाण्याची मारामार असलेल्या सहा महिन्यांच्या प्रवासातून 1714 मध्ये पाच रोपं जिवंत उतरली. गंमत म्हणजे फ्रेझिए हे आडनावच फ्रेंचमधल्या स्ट्रॉबेरीच्या शब्दावरून आलेलं.

रोपं वाढली, दोऱ्या सोडल्या, बागाबागांत पसरली, फुलली. फळ काही धरेना. कारण चिलीच्या या जातीत नर आणि मादी रोपं वेगळी असतात, आणि टेहळणीत तरबेज असलेल्या या गृहस्थाने फळांनी लगडलेली, म्हणजे नेमकी मादी रोपं तेवढी उचलली होती. पुढे दोऱ्यांतून झाल्या त्या सगळ्या लेकीच. हजार झाल्या तरी लेकीच. पुढे फ्रान्सच्या ब्रिटनी भागात त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेतून आलेली दुसरी एक स्ट्रॉबेरी लागली आणि तिच्या परागावर फळं धरली. या दोघींच्या संकरातून आपली आजची स्ट्रॉबेरी आली. हे कोडं 1766 मध्ये उलगडून लिहिलं ते विशीही न गाठलेल्या अंत्वान निकोला दुशेन या मुलाने. म्हणजे महाबळेश्वरात लोक क्रीम ओतून बुडवून मारतात ते फळ दोन अमेरिकांचं, आणि त्याचं जमलं फ्रान्सच्या एका कोपऱ्यात, शेजारधर्मातून. (क्रीमबद्दल माझं मत चांगलं नाही हे एव्हाना लक्षात आलं असेल. खोक्यात वरच्या थराला टपोरी आणि खाली गोट्यांएवढी भरणाऱ्यांबद्दल तर अजिबात नाही.)

या दुशेनचं नाव एका झाडाला मिळालं, तेही कसं बघा. काही वर्षांपूर्वी आम्ही उत्तराखंडात ट्रेकला गेलो होतो. वाटेच्या कडेला लालभडक, गोल, आभाळाकडे तोंड केलेल्या छोट्या स्ट्रॉबेऱ्या. लेकीने मूठभर तोडल्या, तोंडात टाकल्या आणि चेहरा पाडून म्हणाली, "आई, हे पाणी आहे." फूल पिवळं होतं. ती नकली स्ट्रॉबेरी, आणि तिच्याच वंशाला वनस्पतिशास्त्रज्ञांनी 'दुशेनिया' हे नाव ठेवलं. बिचाऱ्याने आयुष्य अस्सल स्ट्रॉबेरीत घातलं आणि नाव लागलं फिक्कीला. अलीकडे तर शास्त्रज्ञ तिला दुसऱ्याच वंशात घालतात, म्हणजे तेही गेलं. वाटाड्याने पुढे देवदाराखाली अस्सल दाखवली. पांढरं फूल, शेंगदाण्याएवढं फळ, तेही पानाआड लपलेलं. एकच मिळालं, तिघांत वाटून खाल्लं. वास बोटांना संध्याकाळपर्यंत होता. तिथेही जमिनीवर दोऱ्याच दोऱ्या, शिवणकामाच्या धाग्याएवढ्या बारीक. दगडावरून, शेवाळावरून, वाटेवरच्या बुटांच्या ठशांतून त्या गेल्या होत्या.

ओव्याच्या कुंडीतल्या रोपाने महिन्याभरात मुळं धरली. मी कात्री घेऊन जाळीशी गेले तर पलीकडून काकू म्हणाल्या, "अगं, थांब. अजून लहान आहे." मग राहिलं. ऑक्टोबरमध्ये दोरी आपोआप तपकिरी झाली, वाळली आणि एक दिवस केर काढताना केरसुणीला लागून तुटली. काकूंनी ते रोप ओव्यातून उचलून स्वतःच्या कुंडीत लावलं. माझ्याकडच्या दोघी पोरं सोडून इतक्या थकल्या होत्या की यंदा त्यांना चारच फुलं आली.

काकूंकडे मात्र जानेवारीत पहिलं फळ लागलं. त्या रोज पिकतंय का बघत होत्या, मला फोटो पाठवत होत्या. हिरवं, पांढरं, एका गालाला लाली आलेलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आलेल्या फोटोत फळ अर्धं होतं. चोचीची नेमकी खूण. खाली लिहिलं होतं, "बुलबुल मेला!! जाळी लावू का गं?"

म्हणजे दाण्यांतले निम्मे तरी एव्हाना पक्ष्याच्या पोटात. दोरीने गेलेलं रोप कुठे जातं ते काड्या टोचून मोजता येतं. हे कुठे जाऊन पडणार? समोरच्या पिंपळाखाली, गच्चीच्या पन्हाळीत, की कुणाच्या तरी तुळशीत? आणि पडलं, रुजलंच, तर ते आईसारखं असणार नाही. कसं असेल ते कुणालाच सांगता यायचं नाही. स्वीट चार्ली काय, कॅमारोसा काय, प्रत्येक जात कधीतरी अशाच एका दाण्यातून निघाली, मग दोऱ्यांनी तिच्या नकला काढल्या.

काकूंचा दुसरा मेसेज आला, "सांग लवकर, हार्डवेअरवाला दहाला उघडतो."