टॉवर तिसरा : ८.१ ग्रॅम, १३.९ किलो

काल रात्री साडेअकराला स्पर्धेसाठी बनवलेला माझा तिसरा लाकडी टॉवर तुटला. आधी पापड मोडल्यासारखा कट्ट आवाज, आणि पाठोपाठ बादली गादीवर. (हो, गादी. दुसऱ्या टॉवरच्या वेळी बादली थेट फरशीवर आदळली आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या होत्या.) बादली, साखळी, ठोकळा आणि रेती धरून १३.९ किलो. टॉवर ८.१ ग्रॅमचा. भागाकार १७१६.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी नियम थोडक्यात. फक्त बालसा (अगदी हलकं लाकूड) आणि गोंद. उंची किमान ५० सेंमी. टेबलाला मधोमध १५ सेंमीचं चौकोनी भोक, पाय त्याच्या बाहेर टेकले पाहिजेत. डोक्यावर ठोकळा, ठोकळ्यातून साखळी टॉवरच्या पोटातून खाली, साखळीला बादली, बादलीत रेती ओतत जायची. १५ किलोच्या पुढे मोजत नाहीत. पेललेला भार भागिले टॉवरचं वजन, ज्याचं उत्तर मोठं तो पुढे. स्पर्धा सप्टेंबरात ऐरोलीला, मी कळव्याची.

पहिल्या टॉवरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. १७.६ ग्रॅम, ८.१ किलो, भागाकार ४६०. सगळीकडे ३ मिमीची पट्टी वापरली होती. पाय ३ मिमी, आडवे ३ मिमी, तिरपे ३ मिमी. दिसायला दणकट. तुटला तेव्हा मात्र एकही तिरपा तुकडा मोडला नव्हता. स्लो मोशनमध्ये पाहिलं तर एकच पाय, वरून तिसऱ्या खणात (खण म्हणजे पायाचा दोन आडव्यांमधला भाग), आतल्या बाजूला बाक घेतो आणि मग सगळं त्याच्यावर कोसळतं. म्हणजे निम्म्याहून जास्त लाकूड जिथे गरज नव्हती तिथे घातलं होतं.

इथून पुढचं सगळं स्वयंपाकघरातल्या काट्याने शिकवलं. बालसाच्या पट्टीचा ३० सेंमीचा तुकडा काट्यावर उभा धरायचा आणि वरच्या टोकावर बोट ठेवून हळूहळू दाबायचं. आकडा चढतो. १५०, १९०, २२०. मग पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि आकडा अडतो. आणखी दाबलं तर पट्टी आणखी वाकते, आकडा जागचा हलत नाही. तो अडलेला आकडा म्हणजे त्या पट्टीची कुंडली. वाकली की लगेच सोडायचं, पट्टी सरळ होते आणि टॉवरमध्ये वापरता येते.

एकाच शीटमधून कापलेल्या बारा पट्ट्या तपासल्या. सगळ्यात वरची २६०, सगळ्यात खालची १६८. दिसायला जुळ्या बहिणी. आणि हे कळल्यावर पहिल्या टॉवरच्या मोडलेल्या पायाचा उरलेला तुकडा शोधून काढला, त्याचाही आकडा १६८च्या आसपास.

आता गणित. लांबी निम्मी केली की पट्टी चौपट भार घेते. ऑयलरने हे १७४४ मध्येच मांडून ठेवलंय, आपण फक्त गुणाकार करायचा. माझा पाय थोडा कललेला, म्हणून ५०.६ सेंमी. सहा खण केले तर प्रत्येक खण ८४ मिमी. ३०० भागिले ८४, त्याचा वर्ग, साधारण १२.७ पट. १६८ ग्रॅमची पट्टी तिथे जेमतेम २.१ किलो घेणार, चार पायांचे मिळून साडेआठच्या आत. तुटला ८.१ला. हे आधी केलं असतं तर एक टॉवर वाचला असता.

पाय कललेला असल्यामुळे भार किती वाढतो हा प्रश्न मागे एकाने विचारला होता. माझ्या कोनात एक टक्क्याच्या थोडा वर. १५ किलोला प्रत्येक पायावर ३.७५ ऐवजी ३.८. काळजी करण्यासारखं नाही. तळाशी पाय बाहेर सरकू पाहतात, ती ओढ सांभाळायला तळाचे चार आडवे लागतात. ते विसरू नका, मी एकदा विसरले आहे.

दुसऱ्या टॉवरला खण आठ केले. आता खण ६३ मिमीचा, साडेबावीस पट. २२६ ग्रॅमची पट्टी पाच किलोच्या वर जाते, लागतात ३.८. तिरपे ३ वरून २ मिमीवर आणले. सगळे तुकडे जोडण्याआधी वजन केले, ९.७ ग्रॅम. जोडून झाल्यावर ११.९. म्हणजे २.२ ग्रॅम नुसता गोंद! ट्यूबच्या तोंडाने थेंब सोडत होते, जोडावर पडायचा त्याच्या दुप्पट लाकडात मुरायचा. ११.३ किलोला गेला, भागाकार ९५०.

गोंदावरचा उपाय माझ्या पार्टनरच्या आजीने सुचवला, तोही न कळत. त्या गोधडीला टाके घालत होत्या आणि जाड सुईचं नेढं एका बाजूने तुटलं होतं, दोन शिंगं उरली होती. ती सुई आम्ही उचलली. दोन शिंगांच्या मधे गोंदाचा एवढासा थेंब अडकून राहतो, जोडाला टेकवला की आत ओढला जातो. टोक पेन्सिलीच्या मागे खोचलं की झाली लेखणी. मधूनमधून शिंगांवर साठलेला गोंद ब्लेडने खरवडायचा. तिसऱ्या टॉवरला गोंद लागला ०.७ ग्रॅम. दीड ग्रॅम वाचला, आणि तोही एक काडीही बारीक न करता.

तिरप्यांची जाडी मात्र भीत भीत कमी केली. धीर दिला तो लोकलच्या खिडकीने. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने येताना ऐरोली-रबाळेकडे हाय टेन्शनचे मनोरे दिसतात. त्यांच्या खालच्या उंच खणांत मुख्य पायाला मधेमधे बारीक अँगलचे तुकडे टेकवलेले असतात. ते स्वतः जवळपास काहीच भार घेत नाहीत. पायाला त्या ठिकाणी हलू द्यायचं नाही, एवढंच काम. किती जोर लागतो त्याला? आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकात लेसिंगसाठी (म्हणजे खांबाचे भाग एकमेकांना बांधणाऱ्या तिरप्या पट्ट्यांसाठी) अक्षीय, म्हणजे खांबाच्या लांबीच्या दिशेने येणाऱ्या, भाराच्या अडीच टक्के आडवा भार धरायला सांगितलाय. माझ्या पायावर ३.८ किलो, त्याचे अडीच टक्के ९५ ग्रॅम. एका मध्यम कांद्याएवढं! त्यासाठी मी ३ मिमीच्या चौकटी लावत बसले होते. तिसऱ्याला तिरपे दीड मिमीचे.

पायांना मात्र पॉलिश पेपर लावू नका. वजन वाचवायचं म्हणून मी एक पट्टी ३ वरून २.८ मिमीपर्यंत घासली. वजन १३ टक्क्यांनी उतरलं, ताकद २४ टक्क्यांनी. चौकोनी पट्टीचं वजन जाडीच्या वर्गाने जातं, बाक न घेण्याची ताकद चौथ्या घाताने. घासायचेच असतील तर आडवे तुकडे घासा.

वजनासाठी घरचा काटा उपयोगाचा नाही, त्याला एक ग्रॅमच्या खालचं दिसत नाही. जांभळी नाक्याजवळ मामांच्या ओळखीचे सोनार आहेत, त्यांच्याकडे वर्तमानपत्रात गुंडाळून पट्ट्या नेल्या. त्यांनी एकेक पट्टी काचेच्या पेटीत ठेवून दोन दशांशांपर्यंत आकडे सांगितले, मी लिहून घेतले. गिऱ्हाईक येऊन थांबलं तरी घाई केली नाही. शेवटी म्हणाले, "ताई, यात घट किती धरायची?" पुढच्या वेळी वही नेताना पेढेही न्यायचे आहेत.

आता कालचं. तिसरा १५ पेलायला हवा होता, चारही पाय २२० च्या वरचे होते. बाबा रेती ओतत होते, नेहमीप्रमाणे वाटीने आणि नेहमीप्रमाणे घाईने, पण दोष त्यांचा नाही. व्हिडिओत दिसतं की ९ किलोपासूनच समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय दाबाखाली आहेत आणि उरलेल्या दोघांच्या डोक्याशी ठोकळ्याखाली केसाएवढी फट. चार पायांचं टेबल फरशीवर डुगडुगतं तसंच. एक पाय अर्धा मिमी कमी असला की भार चौघांत वाटला जात नाही, दोघांच्या माथी पडतो. पट्टीचं गणित बरोबर, सुताराचं चुकलं. तीन पायांचा कधीच डुगडुगत नाही हे खरं, पण प्रत्येक पायावर पाच किलो येतात, शिवाय चौकोनी भोकाबाहेर त्रिकोण टेकवायचा तर तळ बराच पसरावा लागतो. मला तो सौदा पटत नाही.

म्हणून चौथ्याला जोडणी झाल्यावर डोकं आणि तळ दोन्ही घासणार. ओट्याचा ग्रॅनाइट घरातली सगळ्यात सपाट जागा. त्यावर पॉलिश पेपर चिकटपट्टीने ताणून लावायचा आणि टॉवर उभा धरून हलक्या हाताने फिरवायचा, चारही टोकांवर सारखी पांढरी धूळ दिसेपर्यंत. आईची परवानगी दुपारी दोन ते चार.

पावसाचंही लिहून ठेवते. तिसरा टॉवर डब्यातून काढला तेव्हा ८.१, दोन तास गॅलरीच्या दाराशी ठेवल्यावर ८.४. ओलाव्याने वजन वाढतं आणि लाकूड मऊही पडतं, दुहेरी नुकसान. स्पर्धेच्या दिवशी टॉवर मोजणीच्या टेबलापर्यंत बंद डब्यातच राहणार.

चौथ्याचे पाय निवडून झालेत : २३१, २२९, २२६, २२४. वजनाचं लक्ष्य साडेसात ग्रॅम. सगळ्या पट्ट्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट स्टीलच्या उभ्या डब्यात आहेत. डब्यावर आईची चिठ्ठी आहे : कुरडयांचा डबा, शनिवारपर्यंत रिकामा हवा.